हमीभावाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

हमीभाव नेमक्या कोणत्या खर्चाच्या दीडपट धरायचा, यावरच्या ‘दीडपट कशाच्या?’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘हे सरकारचं प्रचारपत्रक आहे. स्वामिनाथन आयोगाने सी-२ वर पन्नास टक्के असं स्पष्ट लिहिलं होतं, ते तुम्ही लपवलंत. खरेदी किती होते याबद्दलही चकार शब्द नाही.’ (स्वामिनाथन आयोग म्हणजे एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालचा राष्ट्रीय शेतकरी आयोग; सी-२ हा शेतीचा उत्पादन खर्च मोजण्याचा एक प्रकार, तो पुढे उलगडतो.)

‘प्रचारपत्रक’ हा शब्द मला लागला. मतभेद जरूर मांडा, पण माझ्या हेतूवर कशाला घसरता? दीडपट दिली तर बाजार बिघडेल असं केंद्राने २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात तीच दीडपट जाहीर केली, हे त्याच लेखात आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही.

एक चूक कबूल. आयोगाचे अहवाल मी चार लिहिले होते, ते पाच आहेत. दुरुस्ती केली आहे.

आता ‘स्पष्ट लिहिलं होतं’ याबद्दल. हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांतली कोष्टकं मी वीस वर्षं वाचतोय, म्हणून इथे गप्प बसवत नाही. स्वामिनाथन आयोगाचे शब्द आहेत : भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान पन्नास टक्के जास्त. त्या वाक्यात सी-२ हे नाव नाही. सगळं भांडण शिरलं ते याच फटीतून. ए-२ म्हणजे बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल असा हातचा खर्च. त्यात घरच्यांच्या राबण्याची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज चढवलं की सी-२. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात ‘उत्पादन खर्च’ एवढंच म्हटलं, कोणता ते नंतर कळलं. २०२४-२५ चं सोयाबीन घ्या : ए-२ अधिक एफएल ३,२६१ रुपये क्विंटल, त्याची दीडपट ४,८९२. हाच हमीभाव. मंत्री म्हणतात शब्द पाळला, विरोधक म्हणतात फसवलं, आणि आपापल्या व्याख्येत दोघांचंही गणित बरोबर येतं. सी-२ समजा ४,००० धरला, तर भाव ६,००० निघतो. आयोगाला सी-२ च अभिप्रेत होता, असा युक्तिवाद जरूर करता येतो. पण अर्थ लावणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं.

हमीभावाने सरकारी खरेदी किती होते, हा मुद्दा त्या लेखाचा विषयच नव्हता, त्यावर इथे वाद घालणार नाही.

सी-२ हा शब्द शिफारशीच्या त्या वाक्यात असेल तर पानाचा क्रमांक कळवा. लेखाच्या वर, ठळक अक्षरांत दुरुस्ती टाकेन. आणि नसेल, तर ‘लपवलंत’ हा शब्द तुम्ही मागे घ्या.