मोजायचं काय, हे कोण ठरवतं?

‘विज्ञानाला जात, लिंग, देश काही नसतं.’ ठाण्यातल्या एका व्याख्यानाला हे वाक्य पुन्हा ऐकलं आणि टाळ्याही पडल्या. निसर्गाच्या नियमांपुरतं ते खरं आहे. पण ते नियम शोधणाऱ्या माणसांना हे सगळं असतं आणि ते त्यांच्या कामात उतरतं.

पल्स ऑक्सिमीटर आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घोडबंदरपासून कळव्यापर्यंत घराघरात तो बोटाला लावलेला असायचा. आकडा घसरला की बेडसाठी धावाधाव. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतं, आणि तोच प्रकाश त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्याही खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा! बरं, असा फरक पडतो हे १९९० मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं. मधली तीस वर्षं तेच यंत्र जगभर विकलं गेलं. ज्यांच्या बोटावर ते चुकत होतं, ती माणसं निर्णय घेणाऱ्यांत फारशी नव्हतीच. मला याचा आजही संताप येतो.

याचा अर्थ विज्ञान खोटं, असा कुणी काढू नये. ती चूक विज्ञानानंच पकडली. पण कुणीतरी तिकडे बघायचं ठरवलं, तेव्हा.

आपल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर काम बघून मग ठरवू, या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. पुढे त्यांनी कडधान्यांवर, नीरेवर काम केलं. गरिबाच्या पोटात काय जातं, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. त्या दारातून परत गेलेल्या आणि आपल्याला नावंही ठाऊक नसलेल्या मुलींचे प्रश्न कुठले असतील?

आणि आपली ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी कुठे गेली, हा ऐरोली-दिव्याच्या कोळीवाड्यांतला प्रश्न आहे, आणि फ्लेमिंगोइतकं कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. खाडीचा पुढचा अभ्यास ठरेल तेव्हा त्या बैठकीत जाळं टाकणारे दादा आणि मासळी विकणाऱ्या मावश्या बसलेल्या हव्यात. नंतर फॉर्म भरून घ्यायला नव्हे, काय मोजायचं ते ठरवायला.