जांभळ्या सावल्यांवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नारिंगी ऊन आणि जांभळ्या सावल्यांचं इमारतीचं रेंडर (संगणकावर तयार केलेलं चित्र) ही ग्राहकाची फसवणूक आहे, त्यात भिंतीचा खरा रंग कळत नाही आणि स्वतः करून पाहिलं तर चित्र नुसतं गढूळ झालं, असं आपण लिहिलं आहे.

फिनिश (भिंतीचा रंग, पोत वगैरे) निवडण्यासाठीच्या चित्रात असा प्रकाश नकोच, यात वाद नाही. पण संकल्पनेच्या चित्रात दिवसाची वेळ आणि इमारतीचा भारदस्तपणा दाखवायचा असतो. तिथे रंग हवा, फक्त तो प्रकाशात घालायचा. मटेरियलला, म्हणजे पृष्ठभागाच्या रंग-पोताला, हात लावायचा नाही. सूर्य आणि आकाश दोन्ही पांढरे ठेवून वेगवेगळ्या लाइट ग्रुपमध्ये (प्रत्येक प्रकाशाचा वेगळा थर) रेंडर करा आणि ईएक्सआरमध्ये (प्रकाशाची मूल्यं जपणारी फाइल) साठवा. मग कम्पोझिटिंगमध्ये (थर एकत्र जोडताना) सूर्याच्या ग्रुपला 1.0, 0.72, 0.42 ने (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) आणि आकाशाच्या ग्रुपला 0.62, 0.55, 1.0 ने गुणा आणि बेरीज करा. न गुणता केलेली बेरीज म्हणजे तटस्थ चित्र. ग्राहकाला दोन्ही द्या.

शिवाय निळसर सावली खोटी नाही. सूर्य अडला की तिथे आकाशाचाच प्रकाश उरतो. माझी शैली एवढीच, की त्या निळ्याला मी जांभळ्याकडे ढकलतो.

आता गढूळपणा. बहुतेक वेळा दोष भिंतीच्या पांढऱ्यात असतो. बेस कलर (मटेरियलचा मूळ रंग; 1 म्हणजे पूर्ण पांढरा) 0.95 ठेवला की ऊन भिंतीभिंतींवरून उसळून सावलीत शिरतं, नारिंगी आणि जांभळं मिसळतं आणि राखाडी उरतं. 0.75 ते 0.8 पुरे. ऊन आकाशापेक्षा साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) प्रखर ठेवा. फरक एका स्टॉपच्या आत आला की सावलीचा रंग असून नसल्यासारखा.

दुसरी अडचण हिरवळीची. गवताचा रंग समजा 0.08, 0.14, 0.04. आकाशाच्या वरच्या जांभळ्या आकड्यांनी गुणल्यावर तो 0.05, 0.077, 0.04 होतो, म्हणजे हिरवा निम्म्यावर आणि निळा जसाच्या तसा. गवत मेल्यासारखं दिसणारच! क्रिप्टोमॅटचा (रेंडरमधली एकेक वस्तू वेगळी निवडू देणारा थर) मास्क घेऊन झाडं आणि गवतावरची आकाशाची छटा निम्मी करा.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरची मूल्यं पडद्यावरच्या रंगांत बदलायची पद्धत) 'स्टँडर्ड' असेल तर प्रखर नारिंगी भाग पिवळे पडतात, कारण लाल चॅनल आधी भरतो आणि हिरवा मागून चढत राहतो. एजीएक्स या दुसऱ्या पद्धतीत तेच भाग फिकट होत पांढऱ्याकडे जातात. अशा वेळी सॅच्युरेशन वाढवू नका, एक्सपोजर अर्धा स्टॉप उतरवा. नारिंगी परत येतो.