पाण्यानं जायचं कुठनं?

आज दुपारी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या अलीकडं गाडी थांबवली. खाली ऊस गेलेल्या रानात डंपरची रांग. मुरूम ओततायत, वर रोलर फिरतोय. निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधकामाला बंदी, तिथं भरदिवसा. डोकं तापलं. आबांना फोन केला तर एवढंच म्हणाले, "विळा गोठ्यात टांगून ठेव."

२०१९ ला चिखलीत रात्री पाणी गोठ्यात शिरलं. आबा कमरेएवढ्या पाण्यात म्हशी सोडत होते. दाव्याची गाठ भिजून फुगली की सुटत नाही. विळ्यानं कापून तीन सोडल्या.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फूट म्हणजे धोका. त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा तेच. आणि दर पुराला ग्रुपवर एकच बोंब, राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून बुडालो! अरे, शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं उघडतात, पातळी उतरली की मिटतात. शिवाय ते पाणी एकट्या भोगावतीचं. चिखलीजवळच्या प्रयाग संगमाला येईपर्यंत कासारी, कुंभी, तुळशी सगळ्या नद्या मिळतात. धरणाच्या खाली पडलेला पाऊस कुठलं धरण अडवणार?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा? असेल. उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण शिरोलीला हायवेचा भराव घातला तो आपल्या जिल्ह्यात, आपल्या डोळ्यांदेखत. नदी पसरायची ती रानं प्लॉट पाडून विकली तीही आपणच. नदीची जागा खायची आणि बोट धरणाकडं दाखवायचं!

रान विकणाऱ्यावर राग नाही माझा. उसाच्या बिलात पोरीचं लग्न होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. परवानगी देणाऱ्यांनी मात्र एक रात्र त्या गोठ्यात उभं राहायला पाहिजे होतं.

चौथ्या म्हशीपर्यंत आबा पोचले नाहीत. माणसांनी ओढून नावेत घातलं त्यांना. पाणी ओसरल्यावर गेलो तर दावं खुंट्याला तसंच होतं, गाठ घट्ट. तेव्हापासनं आबा गाठ मारत नाहीत, एका हिसक्यात सुटेल असा सरकफास टाकतात. भर उन्हाळ्यातसुद्धा.

मुरमाचे फोटो काढलेत. उद्या अकरा वाजता अर्ज घेऊन कलेक्टर ऑफिसला जातोय. आंबेवाडी, चिखली, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी या. कोण कोण येतंय, खाली लिहा.