'एक जाणकार' यांस

"पहिल्या डीएक्स ७ चं गुणगान म्हणजे निव्वळ जुन्याचं प्रेम. खरखरणारं यंत्र लोकांच्या गळ्यात मारण्याआधी लेखकाने एकदा कान तपासून घ्यावेत." यामाहाचा जुना सिंथेसायझर-कीबोर्ड डीएक्स ७ सेकंडहँड घ्यावा की त्याची पुढची आवृत्ती डीएक्स ७ टू, या माझ्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. उत्तर देणार नव्हतो, पण ते कानाचं काही गिळता येईना.

आधी चूक कबूल करतो. दोन्हींचा पडदा (डिस्प्ले) सारखाच असं मी लिहिलं होतं. पहिल्याचा १६ अक्षरांच्या दोन ओळींचा, बिनउजेडाचा. टूचा ४० अक्षरांचा आणि उजळणारा. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता माझे कान. नऊ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय साहेब. गणपतीचे दहा दिवस, रोज वेगळं मंडळ, टेम्पोत ढोलकीशेजारी डीएक्स ७. स्टेजच्या मागच्या अंधारात पडदा दिसायचाच नाही. (म्हणूनच बहुधा तो लक्षात राहिला नसावा.) बटणंही सपाट, दाबल्याचं बोटाला कळत नाही. तरी न बघता ११ नंबर दाबायचो आणि इलेक्ट्रिक पियानो वाजायचा. तुम्ही हे कुठे केलंयत, ते प्रतिक्रियेत दिसलं नाही.

खरखर आहे, कोण नाही म्हणतंय? १९८३ च्या यंत्रात आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर १२ बिटचा, म्हणजे जरा भरड; १९८७ च्या टूमध्ये १६ बिटचा. टू स्वच्छ वाजतो. पण पट्टी सोडल्यावर स्वर विरत जातो ना, तिथे पहिल्यात एक बारीक रवाळपणा ऐकू येतो. मला तो हवा असतो. तंबोऱ्याच्या जवारीलाही कुणी खरखर म्हणेल; त्याला आपण कान तपासायला सांगतो का? सभ्यपणे विचारलं असतंत तर हे सगळं सभ्यपणेच सांगितलं असतं.

बाकी तुमचे मुद्दे: टूच्या मेमरीत ३२ च्या जागी ६४ आवाज मावतात, दोन आवाज एकावर एक लावता येतात, मायक्रोट्यूनिंग (स्वर बारीक फरकाने वरखाली लावायची सोय) असल्याने आपल्या श्रुती लावता येतात. ठीक आहे. ऑर्केस्ट्रात श्रुती लावत बसलेला कीबोर्डवाला मी तरी पाहिला नाही. टूच्या एफडी मॉडेलमधल्या फ्लॉपीचं कौतुक तुम्हीच करा.

गंमत म्हणजे सेकंडहँड घेताना आधी बघायच्या गोष्टीवर तुमचा एक शब्द नाही. आतली बॅटरी, जिच्यावर मेमरीतले आवाज टिकून राहतात. माझा दुसरा डीएक्स ७ घेतला तेव्हा विकणारा म्हणाला, "एकदम ओके." घरी आणून सुरू केला तर बत्तीसच्या बत्तीस आवाजांचा कचरा झालेला. बॅटरी बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. ती काढून मी सॉकेट लावलं आणि आवाज कॉम्प्युटरवरून पुन्हा भरले. फंक्शनमध्ये जाऊन तिचे व्होल्ट पडद्यावर बघता येतात, दोन मिनिटांचं काम. तेव्हा मी बघितले नव्हते, म्हणून तर लेखात लिहिलं.

तुमचा टू जपानहून मागवलेला आहे म्हणता. छान. एकदा घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवू, चहा माझा. फक्त ट्रान्सफॉर्मर विसरू नका. तिकडचा सेट १०० व्होल्टचा असतो आणि आमच्या भिंतीत २३० आहेत.