पाण्याचा दिवस आणि माझा रविवार

ऑफिसनं मला सोलापुरातून पुण्याला पाठवायचं ठरवलं आणि घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "अप-डाऊन कर की, हुतात्मा एक्स्प्रेस आहे." सासरे फोनवर म्हणाले, "रूम घ्या, पोटाचे हाल करू नका." बायको काहीच बोलली नाही. ती मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रोज एसटीच्या दांडीला लोंबकळून शाळा गाठणाऱ्या बाईला 'अप-डाऊन म्हणजे काय' हे मी समजावणार होतो!

शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाचा प्रकार असतो, म्हणजे नवरा-बायकोला जवळजवळ नेमणूक. ऐकलं की दोन टेबलांवरच्या फायली एका सुतळीत बांधल्यासारखं वाटतं. पण माझी नोकरी खासगी, तेव्हा आमच्यासाठी सुतळी नाही.

हुतात्मा सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, साडेदहाच्या मागंपुढं पुण्यात. संध्याकाळी सहाला निघून रात्री दहाला सोलापूर. वेळापत्रक बघून कुणालाही मोह पडावा. रेल्वे मात्र शहाणी. तिचा महिन्याचा पास 150 किलोमीटरपर्यंतच मिळतो, आणि पुणे अडीचशेच्या वर. कुर्डुवाडीपर्यंतचं वेड तिला मान्य आहे, पुढचं वेड रोज तिकीट काढून करायचं.

तरी मी चार दिवस केलं. कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा कुर्डुवाडीच्या आत संपायचा, मग दौंडपर्यंत शेजाऱ्याच्या डब्याकडं बघायचं. गुडघे दुखायचे, पण तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार? ज्यांच्या नावाची ही गाडी, त्या सोलापूरच्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या गाडीत बसून गुडघ्याचं काय सांगता!

चौथ्या रात्री साडेदहाला घरी आलो. सगळे झोपलेले. झाकलेल्या ताटाखाली चिठ्ठी: 'उद्या पाणी. पहाटे तीन ते पाच. मोटर तुम्ही लावा.'

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं. सोलापुरात लग्नाचा मुहूर्त हुकला तर दुसरा काढता येतो, पाण्याचा हुकला की पाच दिवस टँकरवाल्याला 'दादा, दादा' करावं लागतं. तीनला उठलो, हौद भरला, वरची टाकी भरली, आईच्या हट्टानं पिंपं आणि कळश्याही भरल्या. पाचला आडवा झालो आणि साडेपाचला उभा. दुपारी मीटिंगमध्ये मान पडली. साहेब म्हणाले, "काय, रात्री जागरण?"

"हो सर, पाणी होतं."

साहेब पुण्याचे. त्यांना ते पाणी वेगळंच वाटलं. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच पार्टीला बोलावलं नाही.

शेवटी रूम घेतली. शुक्रवारी रात्री सोलापूर, सोमवारी पहाटे परत. पण घरात खरी अडचण विरहाची नव्हती. बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं ठेवलं. मी हिशेब केला: पाणी दर पाचव्या दिवशी, रविवार दर सातव्या. म्हणजे पाण्याचा दिवस रविवारी 35 दिवसांतून एकदा.

"आणि शनिवारी एकदा," मी उदारपणे म्हणालो. "सात पाण्यांतली दोन माझी."

"तीन," ती म्हणाली. वर्गात पाढे घेणाऱ्या बाईशी हिशेब करू नये. "सोमवारचं पहाटेचं भरून साडेसहाची गाडी मिळते की तुम्हाला."

सरकारनं केलं नाही ते एकत्रीकरण बायकोनं असं कॅलेंडरावर करून टाकलं.

परवाचा सोमवार माझा होता. तीनला उठलो. नळ उघडला, नुसती फुस्स हवा. चार वाजले, तरी हवाच. बायको शाल गुंडाळून चहा घेऊन आली आणि आम्ही दोघं हौदाच्या कठड्यावर बसलो. आठवड्यात पहिल्यांदाच निवांत बोलणं झालं: तिची शाळा, आईचं बीपी, माझ्या पुण्याच्या मेसची आमटी. पाच वाजले. नळ एकदा खाकरला, दोन तांबूस थेंब पडले, पुन्हा गप्प. पावणेसहाला मी पाइप तिच्या हातात दिला आणि रिक्षा पकडली.

गाडीनं सोलापूरजवळचं पाकणी स्टेशन ओलांडलं तेव्हा फोन वाजला.

"आलं," ती म्हणाली. मागं मोटर घरघरत होती. "तुम्ही गेलात आणि आलं."