माझं जेवण झालंय, तुम्ही बसा

ड्रॅक्युला पाहुण्याचं अंथरूण स्वतः घालतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत हे स्वच्छ लिहिलंय, पण सुळे, वटवाघळं आणि शवपेट्यांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही. इंग्लंडहून आलेला वकील जोनाथन हार्कर किल्ल्यात मुक्कामाला असतो. एवढ्या मोठ्या किल्ल्यात एकही नोकर दिसत नाही, याचं त्याला नवल वाटत असतं. मग एकदा तो काउंटला बिछाना नीट करताना बघतो, आणि नंतर दाराच्या फटीतून जेवणाचं टेबल मांडताना. पहिल्या रात्री भाजलेली कोंबडी, चीज, सॅलड आणि जुनी टोके वाईन एवढं सगळं कुणी वाढलं, हे त्याला तेव्हा उमगतं. बोर्गो खिंडीपासून पुढची घोडागाडीही यजमानच हाकत होता, हेही. त्या पहिल्या रात्री काउंट त्याला म्हणालेला असतो, की माफ करा, मी तुमच्याबरोबर बसत नाही, माझं जेवण झालंय.

"माझं जेवण झालंय, तुम्ही बसा." हे वाक्य आपल्याकडे कितीदा ऐकलंय! आणि दर वेळी मनात चुकचुकतं, की बाई खरंच जेवली आहे का?

तर माझं म्हणणं असं. जुने व्हॅम्पायरपट मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघते ते घाबरायला नाही. माझा भाचा शेजारी बसून दर दहा मिनिटांनी "पण मावशी, भीती कधी वाटणार?" विचारतो, आणि त्याचं बरोबर आहे. दोरीला बांधलेलं वटवाघूळ बघून आज कोण घाबरेल? मी बघते तो पाहुणचार. हे सिनेमे मुळात यजमान आणि पाहुण्याचे सिनेमे आहेत. त्यांचा उत्तम भाग किल्ल्याचं दार उघडल्यापासून पाहुण्याच्या गळ्याला दात लागेपर्यंतचा. पुढे सगळी धावाधाव.

एकच प्रसंग तीन सिनेमांत लागोपाठ बघा. पाहुणा किल्ल्यावर येतो, जेवतो, यजमान जेवत नाही.

पहिला १९२२ चा 'नोस्फेरातू'. जर्मन, मूक, दिग्दर्शक मुर्नाऊ. कादंबरीचे हक्क न घेताच केलेला, म्हणून ड्रॅक्युलाचा झाला काउंट ऑरलॉक आणि हार्करचा हुटर. (स्टोकरच्या विधवेनं कोर्टात खेचलं, १९२५ मध्ये सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रिंट वाचल्या, म्हणून आज आपण बघतोय.) हुटर जेवतोय. ऑरलॉक समोर बसून पत्र वाचतोय. पत्र चेहऱ्यासमोर धरलेलं, वरून फक्त टोपी आणि डोळे. त्या पत्रावर अक्षरं नाहीत, कसल्याशा मांत्रिक खुणा आहेत. घड्याळावर एक छोटा सांगाडा बसवलाय, तो बाराचे टोले देतो. हुटर दचकतो आणि पाव कापता कापता अंगठा कापून घेतो. आणि आतापर्यंत काठीसारखा ताठ बसलेला यजमान उठून त्याच्या अंगावरच येतो. मॅक्स श्रेक हा नट तो बदल एकाही हावभावाशिवाय करतो. शिष्टाचार कसाबसा सांभाळणारा माणूस एका थेंबानं सुटतो, एवढंच.

पण मला त्याच्या पुढची सकाळ जास्त आवडते. हुटर खुर्चीतच जागा होतो. आरशात मानेवरचे दोन व्रण बघतो, आणि हसतो! टेबलावर नाश्ता मांडलेला आहे. तो चवीनं खातो, मग बाहेर बसून बायकोला पत्र लिहितो, की इथे डास फार आहेत. भयपटात इतका निश्चिंत पाहुणा मी दुसरा पाहिलेला नाही. रात्री पाहुण्याचं रक्त प्यायलं आणि सकाळी त्याच्यासाठी न्याहारी मांडली. घरात तिसरं माणूस दिसत नाही, म्हणजे मांडणारा कोण ते आलंच.

दुसरा १९३१ चा, युनिव्हर्सलचा 'ड्रॅक्युला'. बेला लुगोसी. हा माणूस खरोखरच त्या बाजूचा, तेव्हाच्या हंगेरीतल्या आणि आता रोमानियात असलेल्या लुगोज गावचा. हीच भूमिका त्यानं १९२७ पासून ब्रॉडवेवर केलेली होती. इथे किल्ल्यावर हार्करऐवजी रेनफिल्ड जातो. भलामोठा दिवाणखाना, ढासळलेल्या भिंती, जिन्यावर माणसाच्या उंचीचं कोळ्याचं जाळं. काउंट मेणबत्ती घेऊन उतरतो, स्वागत करतो, वळून वर चढतो. जाळं फाटत नाही आणि तो पलीकडे असतो. मागोमाग आलेल्या रेनफिल्डला मात्र ते काठीनं फाडावं लागतं. कॅमेरा कार्ल फ्रॉइंडचा, 'मेट्रोपोलिस'वाला. त्यानं यात एकही करामत केलेली नाही. लुगोसी जाळ्याच्या अलीकडे, पुढच्या शॉटला पलीकडे. बास.

आणि शांतता! सुरुवातीच्या श्रेयनामावलीला 'स्वान लेक' वाजतं, आणि नंतर लंडनच्या नाट्यगृहातलं संगीत सोडलं तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बोलपट नुकते आले होते, नेपथ्यातून संगीत का येतंय हे प्रेक्षकाला कसं कळणार, अशी तेव्हाची शंका. आज त्याचा फायदा होतो. लुगोसी दोन शब्दांच्या मध्ये थांबतो तेव्हा त्या थांबण्यात काहीही भरलेलं नसतं. रेनफिल्डला तो वाईन ओतून देतो. तुम्ही नाही घेत? "मी कधी पीत नाही..." मग ती प्रसिद्ध जागा, आणि मग "वाईन." हे वाक्य कादंबरीत नाही. पण कादंबरीतल्या "माझं जेवण झालंय"चं हेच खरं भावंड.

पुढे सिनेमा लंडनला येतो आणि दिवाणखान्यात बसून राहतो. मी स्पष्टच सांगते, मधली चाळीस मिनिटं कंटाळवाणी आहेत. त्यात एकच जागा सोन्यासारखी. आता काउंट पाहुणा आहे, डॉक्टर सीवर्डच्या घरी आलाय. व्हॅम्पायरच्या मागावर असलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग सिगारेटच्या डबीच्या झाकणातला आरसा त्याच्यापुढे धरतो. काउंट डबी उडवून लावतो. चेहरा एक क्षण जनावराचा होतो. आणि लगेच, सावरून, घरमालकाची नम्र माफी मागतो. मला आरसे आवडत नाहीत, व्हॅन हेल्सिंग तुम्हाला समजावतील. पकडला गेलाय, तरी निघताना रीत सोडत नाही. कितीही सुळे दाखवले तरी या माफीची सर यायची नाही.

याच सेटवर, रात्रपाळीत, वेगळे नट घेऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित झाला. तो सरस आहे असं म्हणायची हल्ली फॅशन आहे. कॅमेरा जास्त हलतो, लांबीही जवळपास अर्धा तास जास्त, लुपिता तोवार तर सुंदरच. पण त्यातला काउंट कार्लोस विलारियास डोळे वटारून हसतो. असा यजमान असेल तर मी बॅगसुद्धा खाली ठेवणार नाही.

तिसरा १९५८ चा, इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा, रंगीत. थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत, बेताच्या पैशांत केलेला. इथे दोन गोष्टी उलट्या केल्यात. एक, किल्ला स्वच्छ आहे. जाळी नाहीत, धूळ नाही, खांब रंगवलेले, शेकोटी पेटलेली. दोन, यजमान घरीच नाही. टेबलावर जेवण मांडलेलं आणि चिठ्ठी, की स्वागताला हजर नाही याबद्दल क्षमस्व. हार्कर एकटा जेवतो. मग जिन्याच्या वर एक काळी आकृती उभी राहते, आपण श्वास धरतो, आणि ती आकृती झपाझप उतरून खाली येते. उंचापुरा, देखणा, कामाचं बोलणारा क्रिस्टोफर ली. सुखरूप पोचलात ना, बरं झालं. हार्करची बॅग स्वतः उचलतो आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर जातो.

बॅग उचलणारा ड्रॅक्युला! दिग्दर्शक टेरेन्स फिशरला काय कळलं होतं ते या बॅगेत आहे. हा माणूस सभ्य आहे यावर आपला विश्वास बसायला हवा, तरच थोड्या वेळानं दार धाडकन उघडून तोच माणूस लाल डोळ्यांनी आणि रक्तानं माखलेल्या तोंडानं उभा राहतो त्याला अर्थ आहे. आणि गंमत म्हणजे, लीच्या वाट्याला जे काही संवाद आहेत ते याच सुरुवातीच्या किल्ल्यातल्या भागात, हार्करशी. यजमानपण संपलं की बोलणं संपलं. त्यानंतर तो फक्त येतो, चावतो, पळतो. शेवटी व्हॅन हेल्सिंग झालेला पीटर कुशिंग लांब टेबलावरून धावत जाऊन पडदा ओढतो ती उडी मला तोंडपाठ आहे, पण ती साहसपटाची मजा झाली.

१९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर लीला अवाक्षर नाही. संवाद इतके भिकार होते की मी बोललोच नाही, असं ली सांगायचा. मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते, असं पटकथाकार जिमी सँगस्टर सांगायचा. काही असो, त्यातला पाहुणचार नोकर क्लोव करतो. वाट चुकलेली दोन जोडपी किल्ल्यावर येतात, तर टेबलावर आधीच चार जणांची पानं मांडलेली. मालक वारले, पण पाहुण्यांसाठी घर कायम सज्ज ठेवायला सांगून गेलेत. रात्री क्लोव चौघांतल्या एकाला शवपेटीवर उलटा टांगतो, त्याचा गळा चिरतो आणि ते रक्त मालकाच्या राखेवर सोडतो. इथे यजमानाच्या ताटात पाहुणा अक्षरशः वाढलाय.

आता 'नोस्फेरातू'कडे परत जावं लागेल, कारण सूर्यप्रकाशाचा मुद्दा राहिला. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हे आपण जगाच्या सुरुवातीपासूनचं समजतो. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर हिंडतो. तिथे दिवसा त्याची ताकद कमी होते, इतकंच. उन्हानं विरघळून जाणं पडद्यावर आणलं १९२२ च्या या सिनेमानं. आणि कसं? हुटरची बायको एलन स्वतः खिडकी उघडते. ऑरलॉक येतो. ती त्याला ठेवून घेते, कोंबडा आरवेपर्यंत. म्हणजे या वेळी यजमान ती आहे, आणि पाहुणा उठायची वेळ विसरलाय. व्हॅम्पायरच्या पडद्यावरच्या सगळ्यात प्रसिद्ध मरणाचं कारण काय, तर जास्त वेळ बसला.

या सिनेमावर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पूर्वेकडून आलेला लांब नाकाचा परका, त्याच्यासोबत उंदीर आणि प्लेग, आणि गावात त्यानं विकत घेतलेलं घर. १९२२ च्या जर्मनीत हे चित्र ज्यूंबद्दल पसरवल्या जाणाऱ्या विखाराशी जुळतं, असं अनेक समीक्षकांनी लिहिलंय. स्वतःची शवपेटी काखेत मारून रात्री गावातून चाललेला ऑरलॉक मला दर वेळी केविलवाणा वाटतो, नवीन भाडेकरूसारखा. पण तो केविलवाणा वाटावा असं बनवणाऱ्यांच्या मनात होतं का, की ते मी माझ्या सोयीनं वाचते, याचं उत्तर सिनेमा देत नाही. दोन्ही डोक्यात ठेवूनच बघावा लागतो.

हा जेवणाचा प्रसंग फिरत फिरत आपल्या शेजारीही पोचला. १९६७ मध्ये लाहोरमध्ये 'जिंदा लाश' निघाला, दिग्दर्शक ख्वाजा सरफराज. हॅमरचा सांगाडा, पण काउंटच्या जागी अमरत्वाचं औषध शोधणारा प्रोफेसर तबानी, आणि तिथली व्हॅम्पायर बाई पाहुण्यापुढे नाचते. मी हसायच्या तयारीनं लावला आणि टक लावून बघितला. रामसेंच्या 'बंद दरवाजा'त (१९९०) मात्र नेवला हा यजमान कमी आणि नवस बोलायला जायची जागा जास्त आहे. मूल हवं म्हणून ठाकुराची बायको त्याच्या दारात जाते. तिथे कुणी पान वाढत नाही, थेट सौदाच.

मग भाच्याचा पुढचा प्रश्न, हे सगळं संपलं कधी? माझ्या मते तारीख देता येते. १९७३ चा 'द सटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला', हॅमरसाठी लीचा शेवटचा ड्रॅक्युला. यात काउंट लंडनमध्ये डी. डी. डेनहॅम नावाचा बडा उद्योगपती झालाय. काचेची उंच इमारत, वरच्या मजल्यावर केबिन. कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग त्याला भेटायला येतो तर हा टेबलामागे अंधारात बसलेला, आणि दिव्याचा झोत पाहुण्याच्या डोळ्यांवर. जिना नाही, मेणबत्ती नाही, बॅग उचलणं तर सोडाच. कल्पना चलाख आहे, नाकारत नाही, रक्तशोषक म्हणून बिल्डर कुणाला पटणार नाही? पण ते मीटिंगचं टेबल बघितलं आणि मी टीव्ही बंद करून ताटं घ्यायला उठले.