पैठणचा जवाहिऱ्या एक की दोन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पैठणच्या जवाहिऱ्यावरचा लेख तुम्ही इतक्या बारकाईने वाचलात, अंबडच्या कागदाचा फोटोही पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर लांबणार म्हणून ते वेगळं लिहितो आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढं सांगतो: अठराव्या शतकातल्या पैठणच्या एका सोनाराचं आयुष्य मी जुन्या कागदांवरून जुळवलं होतं. त्यात पोतदारीचं (वसुलीतली नाणी पारखण्याचं) वतन, जडावाची कामं आणि भाऊबंदकीचा एक तंटा आला होता. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहेच. घरातल्या मंडळींच्या इच्छेखातर इथे पुन्हा देत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पैठणचा कागद ११६३ सालचा, अंबडचा ११७२ चा. पहिल्यात हा माणूस म्हातारपणामुळे पोतदारीचं काम मुलाच्या हवाली करतो आणि नऊ वर्षांनी दुसऱ्यात कुणाला तरी जामीन राहायला अंबडला हजर होतो, हे पटत नाही. म्हणजे नाव एक असलं तरी माणसं दोन. शिवाय मुलूख निजामाचा असताना पुण्याच्या पेशवे दफ्तराचा आधार घेणं चूक, आणि साध्या पोतदाराला जवाहिऱ्या म्हणणं म्हणजे त्याला उगाच मोठं करणं. शेवटी तुम्ही विचारलंत, एका सोनाराच्या चरित्राने इतिहासात काय भर पडते?

आधी सालांचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पैठणच्या कागदावर साल आकड्यांत नाही, शब्दांत आहे: ‘सलास सितैन मया व अलफ’. तीन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६३. हा शुहूर सन. पेशवाईचा जवळजवळ सगळा सरकारी पत्रव्यवहार याच सनात चालतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६२ येतं. शुहूर सन मृग नक्षत्राला पालटतो, म्हणजे आपला कागद १७६२ च्या मृगापासून १७६३ च्या मृगापर्यंत केव्हाचाही असू शकतो. तुमचा अंबडचा कागद परगण्याच्या वसुलीतला, त्यावर सन आहे फसली. दक्षिणेतल्या फसलीत ५९० मिळवायचे. ११७२ आणि ५९०, बेरीज पुन्हा १७६२. हाही सन मृगालाच पालटतो. म्हणजे दोन्ही कागद एकाच वर्षाचे आहेत. तुम्हाला दिसलेली नऊ वर्षं या दोन सनांच्या मोजणीतली आहेत.

याच वर्षाचा एखादा महजर (साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद) सापडला तर त्यावर शके १६८४, चित्रभानु संवत्सर असं असेल. निजामाकडचा फारसी कागद मिळाला तर बहुतेक हिजरी ११७६. हिजरी सन चांद्र, दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, त्यामुळे तिथे नुसतं साल पाहून भागत नाही, महिना आणि चंद्रसुद्धा (म्हणजे त्या महिन्यातली तारीख) लागतो. मराठवाड्यातला एकच माणूस शोधताना चार कालगणनांतून जावं लागतं. म्हणून कागद हाती आला की मी आधी तिथी आणि वार शोधतो. पंचांगावरून तिथीला तोच वार आला तर सालाबद्दल शंका उरत नाही.

आता, साल एक निघालं म्हणून माणूस एक ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. तुमचा खरा प्रश्न तोच होता आणि तो फार मोलाचा आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे नाव आणि बापाचं नाव, दोन्ही जुळूनही माणसं निराळी असू शकतात. एक आड एक पिढीत तीच जोडी पुन्हा येते. नवख्या संशोधकाची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. या घराण्यातही ती जोडी पुन्हा आलेली आहे, आणि लेखात मी त्या नातवाला वेगळा काढला आहे तो तीर्थोपाध्यायांच्या वहीवरून. गोदाकाठच्या उपाध्यांच्या वह्यांत यजमान आला की त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलं, राहण्याचं गाव असं सगळं उतरवून घेत. सरकारी कागद माणसाचं काम सांगतो, ही वही त्याचं घर सांगते. वहीत जिथे आजोबा ‘कैलासवासी’ लिहिला आहे, त्या नोंदीनंतरचा एकही कागद मी त्याच्या नावावर धरलेला नाही.

अंबडच्या कागदातला जामीनदार मी तोच मानतो, कारण त्याच्या नावापुढे बापाचं नाव आहे, आडनाव आहे आणि ‘वस्ती कसबे पैठण’ असं स्पष्ट लिहिलं आहे. नातू त्या वर्षी कर्त्या वयात असणं शक्य नाही. नावाखाली निशाणीही आहे. त्या काळी कारागीर आपल्या हत्याराचं चित्र काढत, कुणब्याच्या नावाखाली नांगर येई तसं. तुमचा फोटो मोठा करून पाहिला तर खाली सांडशी दिसते, एक पाय आखूड, दुसरा लांब आणि टोकाला आत वळवलेला. पैठणच्या कागदावरची सांडशी अशीच आहे. ते पाहून मला फार आनंद झाला होता. तरीही निशाणी लिहिणाऱ्या कारकुनानेही काढून दिलेली असू शकते, म्हणून मी तिच्यावर काहीच उभं केलेलं नाही. निकाल बाप, आडनाव, गाव आणि साल या चारांवर आहे.

म्हातारपणी काम सोडलेला माणूस जामीन कसा राहील, असं तुम्ही म्हणता. जामीन राहायला हातोडी उचलावी लागत नाही सर, पत लागते. ती वयाबरोबर वाढते.

निजाम-पेशव्यांचा मुद्दा मात्र सविस्तर लिहायला हवा. ‘मराठवाडा निजामाचा, म्हणून पुण्याचे कागद इथले नव्हेत’ हा समज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे आपल्या भागाचा अर्धा पुरावा न वाचताच बाजूला पडतो. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, त्यांत औरंगाबाद सुभा होता. चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा. १७२८ ला पालखेडला निजाम कोंडला गेल्यावर तह झाला तो मुंगी-शेवगावला, म्हणजे पैठणच्या अगदी शेजारी, आणि त्यात हे हक्क त्याने पुन्हा मान्य केले. तेव्हापासून एकाच कसब्यात निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार, दोघेही वसुली करत. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये दौलताबादचा किल्ला पेशव्यांकडे आला. तीनच वर्षांत निजाम अलीच्या फौजेने पुणं लुटलं आणि १० ऑगस्ट १७६३ ला आपल्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदाकाठी त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. आपले दोन्ही कागद या धुमाळीच्या तोंडावरचे आहेत.

अशा गावातला पोतदार दोन्ही सरकारांचा पैसा पारखत होता. वसुलीत येणारं नाणं खरं की खोटं, त्यातली चांदी किती, झिजलं किती, हे बघून तो बट्टा, म्हणजे नाण्याच्या किमतीतली कपात, ठरवी. औरंगाबादच्या टांकसाळीचा, ‘खुजिस्ता बुनियाद’ छापाचा रुपया आणि पेशव्यांच्या मुलखातून आलेला रुपया एकाच थैलीत पडत. त्यामुळे त्याचं नाव दोन्ही दफ्तरांत येणारच. पुण्याच्या दफ्तरातले रुमाल (कागदांची बासनं) सोडून फक्त हैदराबादच्या अभिलेखागारातले फारसी कागद बघितले असते तर अर्धा माणूस हाती लागला असता. उलटंही तितकंच खरं आहे. आपल्याकडचे संशोधक फारसीकडे वळत नाहीत याची मला मनापासून खंत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात इनायत जंग संग्रह आहे, मोगल दख्खनचे लाखाहून जास्त कागद. मराठवाड्यातल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने फारसी शिकून तो हाती घ्यावा, असं कितीदा वाटतं.

पोतदार की जवाहिऱ्या, याचं उत्तर हिशेबात आहे. पोतदाराला मोबदला मिळतो तो पारखीचा. सोनाराच्या हिशेबात सोनं वजनाने दिलेलं असतं, तोळे, मासे, गुंजा (आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा), आणि दागिना परत आला की घट वजा करून मजुरी. आपल्या माणसाच्या नावावर हे दोन्ही प्रकार आहेत. त्याशिवाय तिसराही आहे: माणकं आणि पाचू कोंदणात बसवायला दिल्याची नगवार नोंद, आणि मोत्यांचे चव, म्हणजे मोत्यांची किंमत ठरवायचं माप.

हे चव लेखात मी घाईत उरकले होते, म्हणून इथे नीट सांगतो. मोत्याची किंमत सरळ वजनावर ठरत नसे. चव वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: दाणा दुप्पट वजनाचा असेल तर चव चौपट. म्हणजे एकाच वजनाच्या दोन लडींमध्ये थोडे टपोरे दाणे असलेली लड बारीक दाण्यांच्या लडीपेक्षा कितीतरी महाग. हा हिशेब करायला कोष्टक पाठ लागतं आणि डोळा तयार लागतो, मोत्याचं पाणी, गोलाई, छिद्र कुठे आहे ते सगळं बघावं लागतं. बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसून पाटल्या-गोठ घडवणाऱ्या गावच्या सोनाराला याची गरज पडत नाही. ज्या यादीत हा माणूस प्रत्येक लडीचे चव मांडतो आणि खाली किंमत धरतो, ती यादी जवाहिऱ्याचीच आहे. पोतदारी त्याचं वतन होतं आणि जवाहिराचं काम त्याचा धंदा. दोन्ही एका घरात असणं पैठणसारख्या पेठेच्या गावी मुळीच नवलाचं नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. सर, तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पालखेड, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा या लढाया आपण मुलांना शिकवतो. त्या चारही लढायांच्या मधे जी गावं होती, तिथे फौज जवळ आल्यावर रुपयाचा बट्टा काय होई, गहाण कोण ठेवून घेई, दागिने मोडायला कोण येई, हे सांगणारा साक्षीदार मला हा सोनार वाटतो. त्याचे सगळे कागद पैशाचे किंवा भांडणाचे आहेत. त्याची बायको, त्याचा स्वभाव, त्याला काय आवडे, यातलं काहीही त्यांत नाही, म्हणून मीही काही घातलेलं नाही. जे आहे तेवढ्यावर त्याचा अधिकार आहे आणि तेवढं मला मांडायचं होतं.

आता एक विनंती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कागदाची पुढचीच बाजू आहे. पाठीवर बहुधा शेरा असेल, आणि जिथे कागदाचे दोन बंद (तुकडे) चिकटवले आहेत तिथे जोडावर शिक्का. ते दोन्ही फोटो मिळाले, आणि शेवटच्या ‘मोर्तब सूद’ या शिक्कामोर्तबाच्या शब्दांच्या वरची ओळ थोड्या तिरप्या उजेडात टिपता आली, तर जामीन कुणासाठी होता ते वाचता येईल असं वाटतं. पुढच्या लेखात तो कागद तुमच्या नावानिशी, पूर्ण वाचनासह देईन.